थारची वाळू, सोलापूरची काळी

गुरुवार

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी ओसरू दे, मग ये, असं भाचीला आधीच सांगितलं होतं. ती राजस्थानात काम करते, थारच्या वाळवंटात. जुन्या वस्त्यांच्या आसपासची वाळू, गाळ, माती तपासायची आणि तिथं माणसं कधी राहिली, तेव्हा पाऊसपाणी कसं होतं, ती उठून का गेली याचा माग काढायचा, असा तिचा उद्योग. भू-पुरातत्त्व म्हणतात त्याला. माझी सगळी नोकरी सोलापुरात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत झाली. माझ्या टेबलावर यायची ती शेताच्या वरच्या वीतभर थरातली माती, कापडी पिशवीत बांधलेली. तिची माती दोन-दोन पुरुष खोलीवरची. पण सामू (पीएच), चुनखडी, स्फुरद (फॉस्फरस) हे शब्द दोघांच्याही रोजच्या वापरातले. त्यामुळे आमचं बोलणं सुरू झालं की घरातले बाकीचे एकेक करून उठतात.

रात्री कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मी सहज म्हणालो, "आपल्याकडं सोपं आहे बघ. पाऊस गेला की गाव उठतं. तुमच्या वाळवंटात तर आणखीच सोपं असणार."

यावर तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि लुणकरणसर काढलं. बिकानेरकडचं हे खारं, कोरडं तळं. सांभर, डिडवाणा आणि लुणकरणसर इथल्या गाळातले परागकण तपासून गुरदीप सिंग यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक चित्र मांडलं होतं. पाऊस चांगला होता तेव्हा हडप्पा संस्कृती बहरली, पाऊस हटला तशी तीही ओसरली. चित्र सुटसुटीत, म्हणून लगेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. पुढं १९९९ साली लुणकरणसरच्या गाळाचं नव्यानं केलेलं कालमापन प्रसिद्ध झालं. तळं भरलेलं असताना तळाशी बारीक, पातळ थर बसत जातात. पाणी आटत आलं की जिप्समसारखे क्षार साचतात. पार कोरडं पडलं की वरून वाळू येते. या क्रमाच्या तारखा लावल्यावर तळं सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच आटलेलं निघालं. त्या भागातली हडप्पा काळाची शहरं भरभराटली ती त्यानंतर हजारएक वर्षांनी.

"म्हणजे कोरड्यातच भरभराट?"

"त्या भागात तरी तसंच दिसतं, मामा. एका तळ्यावरून सगळ्या सिंधू खोऱ्याचं नाही सांगता यायचं. पण 'पाऊस गेला, गाव उठलं' हे मी गाळ बघितल्याशिवाय लिहीत नाही."

इथं यायचं कारणही तेच. वाळूत शिकलेले आडाखे काळ्या मातीत कितपत चालतात ते तिला बघायचं होतं. खोदाई करायची नाही. नदीनं, ओढ्यानं, रस्त्याच्या कामानं आयतं जे उघडं पडलंय तेवढंच बघायचं, असं ठरलं. गल्लीतल्या अण्णांची जीप सांगून ठेवली.

शुक्रवार

बार्शी रस्त्यानं नान्नजकडं. माळढोक दिसायची आशा मी केव्हाच सोडलीय, आणि आज तर आम्हाला वर बघायचंच नव्हतं. माळावर माती कसली, मुरमावर चार बोटं भुरभुरीत थर. उतारावर ती हळूहळू जाड होत जाते, करडी होते आणि ओढ्याजवळ पुरुषभर खोल काळी. उतारावरच्या मातींची अशी साखळी असते हे जेफ्री मिल्न यांनी १९३५ साली पूर्व आफ्रिकेतल्या जमिनींवरून मांडलं. आमच्याकडचा शेतकरी जमिनीचा भाव सांगताना तेच मांडत असतो, फक्त एकराच्या हिशेबात.

भाचीचा प्रश्न वेगळा होता. या साखळीत माणसं घर कुठं बांधतात? काळीवर नाही, हे अण्णांनीच स्टिअरिंगवरून सांगितलं. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंती तडकतात. घर मुरमावर, शेत काळीवर.

दुपारी उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावात ओळखीच्या आबांकडं गेलो. घर माळवदाचं. जाड तुळया, वर काटक्या आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी या छपरावर नवी माती टाकून चोपून घ्यायची, आणि ती माती आणायची पांढरीतून. गावाबाहेर जुन्या, मोडून पडलेल्या वस्तीचं टेकाड आहे, तिथली. राखाडी-पांढरट, पिठासारखी. पाणी लागलं की ती दबून घट्ट बसते, काळीसारखी फाटत नाही.

आबांनी घमेलंभर आणून दिली. माझ्याकडं पातळ केलेल्या आम्लाची बाटली कायम असते. नोकरी सुटली तरी ती सवय सुटलेली नाही. थेंब टाकला की फसफस. चुना भरपूर. बाकी राख, शेण, विरघळलेल्या मातीच्या भिंती, हाडांचा चुरा, खापरं. असला नमुना आमच्या प्रयोगशाळेत कुणी चुकून आणला की स्फुरदाचा आकडा बघून आम्ही आधी उपकरणावर संशय घ्यायचो आणि मग विचारायचो, गावठाणाशेजारचं रान आहे काय?

भाची खूश झाली, कारण तिच्या शास्त्राचा एक पाया नेमका असाच पडलेला आहे. स्वीडनमध्ये ओलोफ आर्‍हेनियस हे साखर कंपनीसाठी बीटाच्या जमिनी तपासत होते. १९२०-३०च्या दशकांत त्यांच्या लक्षात आलं की जिथं स्फुरद विनाकारण जास्त आहे तिथं जुन्या वस्तीच्या खुणा सापडतात. माणूस आणि जनावर जिथं राहतं तिथं हाडं, मलमूत्र, राख, उष्टं-खरकटं साचतं. त्यातला नत्र उडून जातो, वाहून जातो. स्फुरद मात्र चुन्याशी, लोहाशी बांधला जातो आणि हजारो वर्षं जागा सोडत नाही. सगळीकडं नुसती वाळूच दिसते तिथं ठरावीक अंतरावरून नमुने घेतले की गुरं कुठं बांधत होते आणि चुली कुठं होत्या, याचा नकाशा हाती येऊ शकतो. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इतक्या वर्षांत ऊसवाल्यांचे ढीगभर नमुने आम्ही तपासले, पण त्या आकड्यांतून जुनी गावं शोधावीत असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आकडे कपाटात पडून आहेत, अजूनही शोधता येतील.

निघताना ती उंबऱ्याशी थबकली. ओसरीची कड तुटून जमिनीचा एक खपला निघाला होता. तिनं आजींना विचारून तो उचलला आणि भिंग लावून मला दिला. वरून बघितलं तर साधी शेणानं सारवलेली जमीन. पण तुटलेल्या कडेला थरावर थर. शेणाचा हिरवट-तपकिरी, त्याखाली पांढऱ्या मातीचा कागदासारखा पातळ, पुन्हा शेणाचा. मध्येच एक काळपट पट्टा होता.

"हे काय?"

"धुनी घातली असंल," आजी म्हणाल्या. "नायतर ते साल, चूल ओसरीवर आणली होती तवाचं."

प्राचीन वस्तीत घराची जमीन सापडली की भाचीची मंडळी तिचा ठोकळा न मोडता काढतात, राळेत भिजवून कडक करतात आणि घासून घासून त्याची काच करतात. जाडी ३० मायक्रॉन, आरपार प्रकाश जाईल इतकी. मग सूक्ष्मदर्शकाखाली सारवणाचे थर दिसतात. शेणात चुनखडीचे अतिसूक्ष्म गोळे असतात, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात तयार झालेले, ते ओळखू येतात. गवताच्या पेशींतले सिलिकाचे कणही सापडतात. कोणतं गवत जनावरांनी खाल्लं, घर वर्षभर वापरात होतं की काही महिनेच, मध्ये वारंवार वाळू उडून आत आली का, हे त्यातून कळतं. सारवणाच्या दोन थरांमध्ये वाऱ्यानं आणलेल्या वाळूची रेघ आली, तर लोक तेवढे दिवस घर सोडून गेले होते असा अंदाज बांधता येतो. म्हणजे गुरांमागं गेले आणि परत आले. 'उठून गेले' आणि 'जाऊन आले' यातला फरक खापरांवरून सहसा कळत नाही, या रेघेवरून कळू शकतो.

आजींना हे सांगितल्यावर त्यांना एवढंच वाटलं की पोरीला सारवायला शिकवलं पाहिजे.

शनिवार

विजापूर रस्त्यानं हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेचा संगम. सकाळी हवेत चांगला गारवा होता, दहाच्या पुढं मात्र टोपी लागली.

देवळं आधी बघून घेतली. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी लेख सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची त्याची ओळ सोलापूरकरांना तोंडपाठ असते, मलाही. भाचीचं लक्ष मात्र शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळाकडं. ते बराच काळ मातीखाली होतं. "कोणत्या मातीखाली?" हा तिचा पहिला प्रश्न. पुरानं आणलेला गाळ, वरच्या उतारावरून धुऊन आलेली माती, पडलेल्या भिंतींचा ढिगारा की मुद्दाम घातलेली भर? चारही गोष्टी वरून सारख्याच दिसतात. पुराच्या गाळात कण निवडल्यासारखे एकसारखे असतात आणि थर आडवे बसतात. ढिगाऱ्यात सगळी सरमिसळ. पण देवळाची माती आता निघून गेलेली आहे, आणि मूर्ती, खांब, पायऱ्या यांची नोंद होते तशी काढून टाकलेल्या मातीची फारशी कुणी ठेवत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या अर्ध्या उत्खननांची हीच रड आहे. वस्तू संग्रहालयात जातात, माती टोपल्यातून शेजारच्या खड्ड्यात.

मग नदीकाठ धरून चालत राहिलो. एका वळणावर पाण्यानं दरड उभी कापली होती. वर काळी माती, पुरुषभर. तिच्याखाली पिवळसर तपकिरी गाळ आणि त्यात चुनखडीचे खडे, काही बोराएवढे तर काही मुठीएवढे. तळाशी गोट्यांचा थर, चुन्यानं असा सांधलेला की हातोडी उडावी. भाची खालून वर वाचत गेली. दख्खनच्या नद्यांनी गेल्या हिमयुगाच्या कोरड्या काळात, मोसमी पाऊस मंदावला असताना, आपली पात्रं गाळानं भरून घेतली. पावसाला जोर नाही, त्यामुळे नदीला आपलं ओझं वाहून नेता येईना. पुढं सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस बळावला तशा याच नद्यांनी आपलाच गाळ कापत खोल पात्रं केली. आज ज्या दरडी आपण बघतो त्या बऱ्याचशा त्या कापणीच्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नद्यांच्या या दरडी वाचायची पद्धत रुजवली. त्याच संस्थेच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांच्याबरोबर राजगुरूंनी डिडवाण्याजवळ वाळूची एक टेकडी जवळजवळ अठरा-एकोणीस मीटर खोल तपासली, अश्मयुगीन हत्यारांसकट. कोरडा काळ आला की वाळू उडून साचते. ओलावा वाढला की टेकडी स्थिर होते, तिच्यावर झाडोरा येतो, माती तयार होते, आत चुनखडी धरते. पुन्हा कोरडं, पुन्हा वाळू. थारचा पावसाचा इतिहास असा एकाच टेकडीत एकावर एक रचलेला आहे.

तिनं पिशवीतली लोखंडी नळी काढून दाखवली. ती दरडीत ठोकायची आणि दोन्ही तोंडं काळ्या कागदानं बंद करून अंधारातच प्रयोगशाळेत न्यायची. क्वार्ट्‌झच्या कणावर शेवटचं ऊन पडून किती काळ झाला हे त्यातून मोजतात. जमिनीतल्या पोटॅशियम, युरेनियम, थोरियमच्या किरणोत्सारानं कणात ऊर्जा साठत जाते, ऊन लागलं की ती सुटून जाते. प्रयोगशाळेत कणावर प्रकाश टाकला की साठलेली ऊर्जा उजेडाच्या रूपानं बाहेर पडते आणि तिच्यावरून वर्षं काढतात. डेव्हिड हंटली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली ही रीत मांडली. कोळसा नाही, हाड नाही, नुसती वाळू आहे अशा वाळवंटात तिनं मोठं काम केलं.

"मग ठोक की नळी," अण्णा म्हणाले.

"इथं नाही जमायचं, अण्णा. तुमच्या दगडात क्वार्ट्‌झच नाही."

काळ्या पाषाणाचा हा मुलूख. बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळपास नसतंच. ओढ्यात गारगोटी, अकीक सापडतात ते दगडातल्या पोकळीत धरलेले. बारीक गाळात हवे तसे कण फार थोडे, ते मिळवायला टोपल्याभर माती चाळावी लागेल. थारमध्ये तिचं सगळ्यात भरवशाचं हत्यार, ते भीमेच्या काठी लुळं.

दुसरी अडचण तिच्या हाताशी सापडली. वरच्या काळीत भेग गेली होती, पंजा सहज आत जाईल एवढी. तिनं हात कोपरापर्यंत घातला आणि एक गुटख्याची पुडी बाहेर काढली. त्याच भेगेच्या कडेला जुन्या लाल खापराचा तुकडाही होता. दोन्ही एकाच खोलीवर! वाळूतही कधी कधी घुशी-उंदीर गोंधळ घालतात, पण काळी माती स्वतःच स्वतःला ढवळते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचं भेगांतून खाली पडतं, पावसाळ्यात खालचं वर ढकललं जातं. दरडीत तिनं तिरकी, गुळगुळीत, घासून चकाकी आलेली पृष्ठं दाखवली. मातीचे ठोकळे एकमेकांवर घसरून झालेली. अशा मातीत 'खाली ते जुनं, वर ते नवं' हा नियम डोळे झाकून लावला तर गुटख्याची पुडी सातवाहनांच्या काळात जाईल. म्हणून पुरुषभर काळी सोडून द्यायची आणि तिच्याखालच्या, न ढवळलेल्या गाळात तिथला पुरावा शोधायचा.

दुपारी वाळवंटात, म्हणजे नदीच्या, डबे उघडले. समोर दोन नद्या मिळत होत्या, त्यामुळे घग्गरचा विषय निघणारच होता. राजस्थानातलं कालिबंगा आणि आणखी अनेक हडप्पा वस्त्या या, आता फक्त पावसाळ्यात वाहणाऱ्या, नदीच्या काठी. पूर्वी ती हिमालयातून भरून वाहत होती आणि ती आटली म्हणून शहरं उठली, असं सर्रास सांगितलं जातं. तिथल्या विवरांतून काढलेल्या गाळात खाली राखाडी, अभ्रकाचे कण चमकणारी वाळू लागते. ती हिमालयाची, यात वाद नाही. तिच्यावर तपकिरी, बारीक गाळ, सावकाश वाहणाऱ्या पाण्याचा. वाद आहे तो राखाडी वाळूच्या वयावर. आयआयटी कानपूर आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या २०१७च्या अभ्यासात सतलज आठ हजार वर्षांपूर्वीच हे पात्र सोडून गेल्याचं निघालं, म्हणजे शहरांच्या कितीतरी आधी. मोठी नदी निघून गेल्यामुळेच त्या खोऱ्यात महापुराची धास्ती नव्हती आणि वस्ती करणं सोयीचं झालं, असं त्यांचं म्हणणं. २०१९ साली दुसऱ्या गटानं साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही प्रवाह होता असं मांडलं. भाचीचा कल पहिल्याकडं आहे. पण ती म्हणाली, दोन्ही गटांनी विवरं वेगवेगळ्या ठिकाणी घेतलीत, आणि नदी काही एकाच जागी वाहत नाही.

अण्णांना पहिलं मत अजिबात पटलं नाही. नदी गेली म्हणून लोक आले? त्यांचं घर सखल भागात आहे, तरी.

रविवार

तुळजापूर, धाराशिव करून तेर. जिल्हा दुसरा, पण माती तीच. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या ग्रंथातलं तगर म्हणजे हेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवलं. गोरोबाकाकांचं गाव, मातीची गोष्ट करायला याहून योग्य जागा नाही, पण तो मोह टाळतो.

रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती बाहुलीपेक्षा भाची विटांपाशी जास्त रमली. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मातीत भुसा भरपूर घालून भाजल्या की भुसा जळून जातो, वीट पोकळ आणि हलकी होते. जळालेल्या भुशाच्या जागी त्या पिकाचे सिलिकाचे कण राहू शकतात, म्हणजे वीट फोडून त्या वर्षी खळ्यावर काय मळलं होतं ते बघता येईल. अर्थात ती फोडू कोण देणार.

तेरण्याकाठच्या पांढरीवरून चालताना तिनं इनामगावची आठवण काढली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ असं दीर्घ उत्खनन झालं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांनी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं अख्खं गाव उलगडलं. पुराचं पाणी वळवायचा पाट आणि बांध, धान्याची कोठारं, शेवटच्या काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या. पाऊस घटला, शेती मोडली, लोक मेंढपाळीकडं वळले असा अर्थ ढवळीकरांनी लावला. मला तो पटण्याजोगा वाटतो. भाचीनं मान हलवली आणि विचारलं, त्या काळच्या पावसाचा पुरावा वस्तीच्या आतूनच घेतलाय की बाहेरूनही? झोपड्या लहान झाल्या म्हणून पाऊस कमी, आणि पाऊस कमी म्हणून झोपड्या लहान, असं गोल फिरायला नको. बाहेरचा साक्षीदार हवा. नदीचा गाळ, तळ्याचा गाळ, गुहेतले चुन्याचे थर. मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या अशाच थरांवरून ४२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळी टप्प्याची खूण पक्की झाली आणि भूशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये तिथून पुढच्या काळाला मेघालयन असं अधिकृत नाव दिलं.

परतताना धपाटे. बाकी काही विशेष नाही.

सोमवार

मंगळवेढा. कामतीच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस, आणि मध्येमध्ये पांढुरके, काही न उगवणारे तुकडे. चोपण. कालवा आला, पाणी वर्षभर मिळालं, निचरा नाही, खालचे क्षार वर आले. या तुकड्यांचे नमुने माझ्या हाताखालून पुष्कळ गेले. सामू साडेआठच्या वर, माती पाण्यात विरघळल्यासारखी आणि वाळली की दगड. दक्षिण इराकात प्राचीन काळी असंच झालं असं थॉर्किल्ड याकोबसन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १९५८ साली मांडलं. पाटाचं पाणी, वर आलेला खार, गव्हाची जागा खार सोसणाऱ्या सातूनं घेतली, पुढं उत्पन्नच घटलं. त्यावरही नंतर आक्षेप आले, खार काढायच्या रिती त्या लोकांनाही ठाऊक होत्या म्हणून. पण वाळवंटातली वस्ती पाणी नसल्यानं उठते तशी पाणी जास्त झाल्यानंही उठू शकते, हे या रस्त्यावर कुणालाही पटवावं लागत नाही.

बेगमपूरचा पूल ओलांडून मंगळवेढ्याच्या काळीत आलो आणि मी जरा सैल झालो. इथली मालदांडी ज्वारी, भौगोलिक मानांकन मिळालेली. पेरणीनंतर पावसाचा भरवसा नाही. परतीच्या पावसाची ओल या खोल मातीत साठलेली असते आणि तिच्यावरच पीक हुरड्याला येतं. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ साली निघालं ते याच ओलीचा हिशेब मांडायला. पावसाचा आकडा तोच ठेवून माळावर काही येत नाही आणि इथं कणीस वाकतं. भाचीनं हे वहीत लिहून घेतलं, कारण थारमध्येही प्रश्न असाच पडतो. कालिबंगाला बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या उत्खननात (१९६० ते ६९) हडप्पापूर्व काळातलं नांगरलेलं शेत सापडलं, सुमारे इसवी सनापूर्वी २८०० चं. एका दिशेला तास ३० सेंटिमीटर अंतरावर, त्यांना आडवे दुसरे तास १.९ मीटरवर. त्या भागात आजही असंच हरभरा आणि मोहरी एका रानात घेतात. एक पीक गेलं तरी दुसरं हाताला लागावं, हा बेत.

हुरडा भाजणाऱ्या तात्यांनी तेच ऐकून शेजारचं रान दाखवलं. ज्वारीत करडईच्या ओळी.

त्यांच्या वाड्यात जुनं पेव आहे, आता बुजवलेलं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडल्याची कथा या गावची. कोठार म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढं जमिनीतलं पेवच येतं. दोन-तीन वर्षांची ज्वारी पोटात ठेवणाऱ्या गावाला एक कोरडं वर्ष उठवू शकत नाही. पावसाच्या नोंदीत दुष्काळ दिसेल आणि गावाच्या थरात काहीच बदल दिसणार नाही.

संध्याकाळी तात्यांबरोबर बहात्तरच्या दुष्काळात मजुरांनी खणलेल्या पाझर तलावावर गेलो. यंदा पाणी टेकलंच नव्हतं. तळ कोरडा, आणि एका बाजूनं जेसीबीनं गाळ काढायला सुरुवात केलेली, शेतात घालायला. कापलेल्या भिंतीत थर दिसत होते. भाची गुडघ्यावर बसली ती उठेना. सोलापूरच्या पावसाच्या वर्षावर्षाच्या नोंदी आहेत आणि हा तलाव कधी बांधला तेही पक्कं ठाऊक आहे. कोणता थर कोणत्या सालचा हे लावता आलं तर दुष्काळ गाळात कसा लिहिला जातो ते थेट तपासता येईल, आणि मग तीच लिपी थारमध्ये वाचायची. तिनं एक जाड, भरड वाळूचा थर बोटानं दाखवला.

"हे चांगल्या पावसाचं साल?" मी विचारलं.

"तसं वाटेल. पण वर्षभर कोरडं जाऊन एकाच दिवशी ढगफुटीसारखा पडला तरी असाच जाड थर येतो. उघडी, भेगाळलेली, गवत नसलेली जमीन. सगळं धुऊन येतं. चांगल्या सालात पाऊस बेतानं पडला तर थर पातळसुद्धा असेल."

तात्यांना नोंद तपासायला आकाशवाणी लागत नाही. त्यांनी त्या थराकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यो त्या साली. ज्वारी गेली आणि गणपतीत एका रातीत बांध फुटला." साल त्यांनी सांगितलं, भाचीनं लिहून घेतलं, घरी जाऊन नोंदीशी ताडून बघायचं ठरलं.

मग तिनं तात्यांना एकच विनंती केली. पाच हात रुंदीची एक पट्टी, बांधापासून तळ्याच्या मध्यापर्यंत, जूनपर्यंत तशीच ठेवा. ती रीतसर परवानगीचं बघून परत येईल.

"माझं काय न्हाई," तात्या म्हणाले. "पण गाळ खेपेवर चाललाय. जेसीबीवाल्याला तासाचे पैसे. मधीच पट्टी सोडली तर त्याला वळायला जागा न्हाई."

"कडेनं सोडली तर?"

"कडेला गाळच कमी हाय की."

शेवटी अण्णा आणि तात्या जेसीबीवाल्याला फोन लावत बसले. त्यानं विचारलं, पट्टी सोडायचे तासाचे पैसे कोण देणार?